थ्री नॉट थ्रीचं बोळकं

ठाणे पूर्वेला, कोपरीत, माजी सैनिकांचं एक दोन खोल्यांचं कार्यालय आहे. हयातीचे दाखले, पेन्शनचे फॉर्म, कुणाच्या मुलीची स्कॉलरशिप अशी कामं तिथे चालतात. मेव्हण्याच्या कागदांसाठी गेलो होतो आणि नंबर येईपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत बसलो होतो. भिंतीवर काचेची लांबट पेटी, पेटीत दोन हुकांवर आडवी टांगलेली थ्री नॉट थ्री रायफल.

टूलरूममध्ये फिटर म्हणून जन्म गेला की डोळ्यांना एक खोड लागते. वस्तूत काय आहे याच्या आधी काय नाही ते दिसतं. हिच्या तोंडावरची लोखंडी टोपीच नव्हती. लाकूड मध्येच संपलेलं, त्यातून नळीचं उघडं टोक बाहेर आलेलं आणि त्यावर माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक खुंट, एकटीच उभी. दात पडलेल्या म्हातारीचं बोळकं दिसावं तसं. मागे दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडाला, पितळेची पाटी असते, तीही गायब. उघडं लाकूड आणि स्क्रूची दोन भोकं तेवढी उरलेली.

“काय पाव्हणं, आवडली काय?” टेबलामागच्या सुभेदारसाहेबांनी विचारलं. साताऱ्याकडचा माणूस, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त.

“साहेब, हिची नोजकॅप कुठं गेली?”

ते खुर्ची सरकवून उठलेच. तिथे येणारा प्रत्येक जण ‘खरी आहे का’ आणि ‘चालते का’ एवढंच विचारतो म्हणे. नोजकॅप हा शब्द काढणारा मी पहिलाच. शाळेत दोन वर्षं एनसीसी केली होती, त्यातली कवायत विसरलो पण रायफलीच्या भागांची नावं राहिली. आउटर बँड, बॅकसाइट, पायलिंग स्विव्हल, नोजकॅप. आमचे हवालदार ती नावं पाढ्यासारखी म्हणून घ्यायचे.

मेव्हण्याचं काम त्या दिवशी झालं नाही. हे मात्र अंगावर आलं.

रायफल ईशापूरची, म्हणजे बंगालमधल्या सरकारी कारखान्याची. दस्त्याच्या मानेवरच्या लोखंडी कड्यावर मुकुट, त्याखाली जी.आर.आय. ही राजाची अक्षरं, साल 1942 आणि मार्क 3 या जातीच्या नावापुढे एक तारा. हत्यार म्हणून ती केव्हाच संपली होती. कवायतीसाठी देताना चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, आरपार भोक पाडून त्यात सळई वेल्ड केली होती, बोल्टचं तोंड बुजवलं होतं, फायरिंग पिन कापली होती. दस्त्यावर डीपी अशी अक्षरं, म्हणजे ड्रिल पर्पज. एका शाळेच्या खेळाच्या खोलीत ती कित्येक वर्षं हॉकी स्टिकांबरोबर पडून होती आणि शाळेने खोली रिकामी केली तेव्हा इथे आली. पितळेची पाटी मधल्या काळात भंगारात गेली असणार. पितळेला पाय फुटतात हे कारखान्यात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. नोजकॅप कुणी आणि कशाला काढली, याचा मात्र अंदाज लागेना.

मी म्हटलं, बसवू. सुभेदारसाहेब म्हणाले, आधी कागद.

त्यांचं बरोबर होतं. मला वाटलं होतं, बंद पडलेली वस्तू, तिला एक लोखंडाचा तुकडा लावायला कोण विचारतंय? पण शस्त्र अधिनियम 1959 मध्ये ‘शस्त्र’ या व्याख्येतच सुटे भाग येतात आणि कलम 5 प्रमाणे बनवणं-विकणं तर सोडाच, बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. कलम 45 मध्ये सूट आहे, पण ती जुन्या पद्धतीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या अशा शस्त्राला, जे दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नाही. आमची रायफल त्यात बसते हे आम्ही दोघांनी आपापसात ठरवून भागणार नव्हतं. भोक पाडल्याचा जुना कागद फायलीत सापडला हे नशीब. तो, चारी बाजूंचे फोटो आणि मी हाताने काढलेली सहा भागांची यादी जोडून पोलिसांकडे अर्ज दिला. यादीच्या खाली सुभेदारसाहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘बोल्ट, नळी, चेंबर, चाप यांस हात लावला जाणार नाही.’ एक अधिकारी येऊन बघून गेले, सळई हलते का ते त्यांनी स्वतः पाहिलं. पत्र हातात पडायला अडीच महिने लागले. तोवर मी कानससुद्धा हातात धरली नाही.

चोर बाजारात जुने भाग मिळतील, असं चार जणांनी सांगितलं. मिळतीलही. पण जो भाग कुठून आला ते सांगता येत नाही तो या कामात नको, हे पहिल्या दिवशीच ठरलं. दुसरं असं ठरलं की रायफल कार्यालयाच्या बाहेर जाणार नाही. भाग तिच्याकडे जातील, ती भागांकडे येणार नाही. दुसऱ्या ठरावाची किंमत माझ्या गुडघ्यांनी मोजली. सावरकरनगरहून कोपरी म्हणजे आधी बस, मग स्टेशनचा पूल. त्या चार महिन्यांत तो पूल किती वेळा चढलो ते मोजायचं मी लवकरच सोडून दिलं.

सहा भाग म्हणजे नोजकॅप, तिचे दोन स्क्रू, पायलिंग स्विव्हल (रायफली एकमेकींत अडकवून उभ्या करायची कडी), पट्ट्याची पुढची कडी आणि दस्त्याची पाटी. यादी आधी आठाची होती. आमच्या वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा पोरगा संगणकावर चित्रं काढायला तयार झाला होता आणि त्याने कुठूनतरी या जातीच्या रायफलीचं एक सुरेख चित्र आणलं. त्यात डाव्या बाजूला लाकडावर एक तबकडी होती आणि मागे एक छोटा दांडा. “काका, हे दोन पण नाहीयेत आपल्याकडे.” मी लिहून घेतले. सुभेदारसाहेबांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि रायफलीच्या डाव्या अंगावर अंगठा फिरवत गेले. लाकूड सलग होतं. तबकडी बसायला खाच हवी, स्क्रूचं भोक हवं, काहीच नव्हतं.

ती तबकडी म्हणजे व्हॉली साइट. 1907 साली मार्क 3 आली तेव्हा तिला असायची, 2800 यार्डांपर्यंत सगळ्या तुकडीने एकदम गोळ्या झाडायच्या तेव्हाच्या हिशेबाने. पहिल्या महायुद्धात रायफली पुरेनात, तेव्हा 1916 मध्ये असल्या नखऱ्याच्या गोष्टी काढून टाकल्या आणि मार्क 3 च्या पुढे तारा लागला. आमचा तारा डोळ्यांसमोर होता आणि मी तो नुसता मोजला होता, वाचला नव्हता. जे कधी लावलंच नाही ते हरवणार कसं? दोन्ही नावं खोडली.

अशीच फसगत उलट्या बाजूने होणार होती. मॅगझीनच्या पुढे लाकडात आडवा एक स्क्रू आरपार गेलेला. मला वाटलं, शाळेत कुणीतरी चिरलेलं लाकूड सुताराकडून आवळून घेतलंय, हा जुगाड काढून टाकू. स्क्रूड्रायव्हर खाचेत घातला होता. “ओ मिस्त्री, हात काढा!” सुभेदारसाहेब ओरडले. तो ईशापूरचाच होता. आपल्या हवेत लाकूड फाटतं म्हणून कारखान्यानेच घातलेली आवळणी. त्यांच्या पलटणीतल्या कवायतीच्या रायफलींवर त्यांनी असे स्क्रू बघितले होते. त्या दिवसापासून मी त्यांना विचारल्याशिवाय काही सोडवलं नाही आणि त्यांनी मला मिस्त्री म्हणणं सोडलं नाही.

मापं घ्यायला अख्खी रायफल हवी. एका कॉलेजच्या एनसीसीकडे तसल्याच कवायतीच्या रायफली आहेत असं कळलं. पुन्हा अर्ज, पुन्हा वाट. शेवटी कोतमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या खोलीत, एक हवालदार बाजूला उभे राहून तासभर मिळाला. व्हर्नियर, त्रिज्या बघायच्या पट्ट्या, ट्रेसिंग पेपर घेऊन गेलो होतो. भाचा नौपाड्यात दातांचा डॉक्टर आहे, त्याच्याकडून जबड्याचं माप घ्यायची पुटी आणली होती. नोजकॅपच्या आतल्या बाजूला सरळ रेघ नावाला नाही, तिथे व्हर्नियरचं काम नव्हे. पुटी दाबली, पाच मिनिटांनी काढली, आतला सगळा चढउतार हातात आला. हवालदार बघतच राहिले. मग म्हणाले, “इसका भी दाँत का डॉक्टर होता है क्या?”

ती टोपी नीट बघितली तेव्हा बनवणाऱ्याचं डोकं कळलं. संगीन नळीला लागतच नाही. संगिनीची कडी टोपीच्या पुढच्या बोंडावर चढते आणि मूठ मागच्या पट्टीत अडकते. सगळा भार टोपीवर आणि लाकडावर, नळी मोकळी. वर दोन्ही बाजूंना दोन कान, मध्ये माशी. रायफल हातातून पडली तरी माशी वाकू नये म्हणून. आमच्या माशीला हे कान नव्हते तितकी वर्षं ती शाळेच्या पोरांच्या हातून सरळ कशी राहिली, कोण जाणे.

सुरुवात पाटीपासून केली, सोपी म्हणून. इथेच पहिलं नाक कापलं गेलं.

वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात एक ओतारी अजून रेतीच्या साच्यात पितळ ओततात. नळाचे भाग, देवळाच्या घंटा, असं. मी सागाचा सुंदर फर्मा करून नेला, कॉलेजात घेतलेल्या मापाला केसभरही इकडेतिकडे नाही. त्यांनी तो हातात फिरवला, माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. रेती ठोकून बसवली, फर्मा उचलला, मुशीतलं पितळ ओतलं. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन कोपरी गाठली तर वरखाली मिळून पावणेदोन मिलिमीटर लहान. परत गेलो.

“पितळ निवताना अंग चोरतं,” ओतारी म्हणाले. “शंभराला दीड धरायचं.”

“मग काल का नाही सांगितलं?”

“तुम्ही टूलरूमवाले ना? तुम्हाला काय सांगायचं?”

माझा सगळा जन्म तयार दांडी कापण्यात गेला. त्यात माल कमी करायचा असतो, तो आपणहून कमी होईल हे डोक्यातच येत नाही. दुसरा फर्मा मोठा केला, कडेला कानशीसाठी आणखी थोडा ठेवला. दुसरी पाटी बरी आली. नाकाशी एक बारीक छिद्र होतं, पण ते आतल्या बाजूला.

पाटी लाकडावर बसवणं हे मात्र मला आयुष्यात आवडलेल्या कामांपैकी एक. टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग जुळवताना निळी शाई लावतात. इथे लाकडाला निळं लागलं तर निघणार नाही, म्हणून नातीची काजळाची डबी घेतली. पाटीला आतून काजळाचा हात फिरवायचा, लाकडावर अलगद टेकवायची, उचलायची. लाकडावर जिथे काळा ठिपका उमटतो तिथे पाटी टेकते, बाकी ठिकाणी हवा. ठिपके पुसायचे आणि पाटीची तेवढीच जागा कानशीने उतरवायची. लाकडाला पॉलिश पेपरसुद्धा लावायचा नाही, कारण लाकूड 1942 चं आणि पाटी परवाची. पहिल्यांदा तीन ठिपके उमटले. दोन दुपारी गेल्यावर सगळ्या कडेने काळी किनार उमटली, सलग, रांगोळीच्या रेघेसारखी. सुभेदारसाहेबांनी पेन्शनवाल्या दोघांना उठवून ती दाखवली. त्यांना त्यात काय बघायचं ते कळलं नाही.

पाटीत एक झाकण असतं. ते उघडलं की दस्त्याच्या पोटात पोकळी, तिथे तेलाची पितळी बाटली आणि फुलथ्रू ठेवायचा. फुलथ्रू म्हणजे एका टोकाला वजन असलेली दोरी, नळीतून ओढायची. तिच्या फासात चिंदी. सफाईची चिंदी चार इंच बाय दोन, तेलाची चार बाय दीड, हे मला अजून झोपेत विचारलं तरी येतं. झाकणाची बिजागरी केली, खाली स्प्रिंगसाठी जुन्या भिंतीवरच्या घड्याळाच्या कमानीचा तुकडा लावला. बंद होताना ते ‘टक्’ वाजतं. त्या आवाजासाठी कमान तीनदा वाकवली, हे खर्चाच्या वहीत कुठे लिहायचं?

नोजकॅपला एक नगाचं काम म्हणून कुणी हात लावेना. रबाळ्याला, महाप्याला दोन-तीन ठिकाणी विचारलं. मशीन लावायला दिवस जातो, नग एकच, त्यांचंही खरं होतं. अखेर माझ्या जुन्या जोडीदाराच्या गाळ्यात त्याच्या म्हाताऱ्या मिलिंग मशीनवर सुट्टीच्या दिवशी करायचं ठरलं. त्याआधी वरच्या पोराने पुटीवरून संगणकात आकार उतरवला आणि प्लास्टिकची टोपी छापून दिली. पहिली लाकडावर चढेना. दुसरी चढली पण डुगडुगली. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की मापं चुकलेली नाहीत, रायफल वेगळी आहे. कॉलेजातल्या रायफलीचं लाकूड तेल पिऊन भरलेलं, आमचं उन्हापावसात सुकून आक्रसलेलं. कारखान्यातही ही टोपी हातानेच जुळवून बसवली असणार. चौथी टोपी आमच्या लाकडाच्या मापाने छापली ती बसली. पिवळ्या प्लास्टिकची टोपी घातलेली थ्री नॉट थ्री बघून एक कर्नलसाहेब दारातूनच परत जायला निघाले होते.

मग साध्या माइल्ड स्टीलचा चौकोनी ठोकळा घेतला. मशीनवर बाहेरचा ओबडधोबड आकार, पोटातली गोलाई, आडवं भोक. कान मात्र हाताने. हॅकसॉने मधला माल काढला आणि अर्धगोल कानशीने घासत बसलो. दोन्ही कान सारखे दिसायला लागले की एकात थोडं जास्त निघायचं, मग दुसऱ्यात काढायचं. मिशा कातरताना होतं तसं. शेवटी जोडीदाराने कानस हिसकावून घेतली.

स्क्रूंनी छळलं. लाकडाच्या आरपार जाणारा आडवा स्क्रू आणि दुसरा पुढचा. कॉलेजात एक मिनिटभर काढून बघायला मिळाला होता, तेव्हा आट्यांवर पिचगेज लावून आकडा लिहून घेतला होता. बाजारातला एकही टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, त्याला जुळेना. आपल्याकडचे आताचे आटे मेट्रिक, 60 अंशाचे. हे जुन्या इंग्रजी घराण्यातले, 55 अंशाचे, आणि त्यातही कारखान्याचं आपलं वेगळं गणित. जवळपासचा मेट्रिक स्क्रू घालून काम भागलं असतं, बाहेरून कुणालाच कळलं नसतं. पण उद्या कुणाला खरी टोपी मिळाली तर तिच्यात माझा स्क्रू जायला नको का? लेथवर 55 अंशाचं टूल घासून एकेक आटा कापला. एक स्क्रू मोडला, एक सैल झाला, तिसरा गेला.

आता रंग. नवं लोखंड चांदीसारखं चमकत होतं, बाकीची रायफल काळी. काळा पेंट मारायचं मनात नव्हतं. जुनी रीत म्हणजे गंज आणून काळं करणं. लोखंड साफ करून त्यावर गंज चढवणारं द्रावण पुसायचं, तांबूस साय आली की उकळत्या पाण्यात टाकायचं. तांबडा गंज पाण्यात काळा होतो, रसायनाच्या भाषेत मॅग्नेटाइट. वरची काजळी बारीक स्टीलवूलने झाडायची आणि पुन्हा तेच. सात-आठ फेऱ्यांनी गडद काळा थर बसतो आणि तो लोखंडाचाच असतो, वरून लावलेला नसतो.

पुस्तकी माहितीत गंज यायला दमट पेटी करा, आत ओला कपडा ठेवा, असं काय काय होतं. मला हसू आलं. जुलै महिना, ठाणं, वरून पाऊस आणि खाडीवरून वारा. इथे अख्खं शहरच दमट पेटी. पहिला हात देऊन टोपी गॅलरीत टांगली आणि झोपलो. सकाळी बघतो तर साय नव्हे, खपली धरलेली. झाडली तर खाली बारीक खड्डे. पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा पहिल्यापासून. नंतर तीन तासांवर कधी ठेवली नाही. रात्री नऊला टांगायची, बाराला उठून काढायची.

पाण्याचाही प्रश्न होता. नळाच्या पाण्याने डाग पडत होते. एसीच्या नळीखाली बादली लावली, त्या हवेत एका रात्रीत अर्धी भरायची. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. भांडं म्हणून हाताला आलं ते मोदकपात्र. टोपी त्यात अगदी मापात बसली. वाफेबरोबर लोखंडाचा वास घरभर गेला आणि ही आतून आली.

“अहो, गणपती महिन्यावर आलेत. मोदकपात्रात बंदूक उकडताय?”

मी म्हटलं, बंदूक नाही, तिची टोपी. याने फरक पडला नाही. संध्याकाळी जांभळी नाक्यावर जाऊन स्टीलचं नवं पातेलं आणलं आणि मोदकपात्र चिंचेने तीन वेळा घासून दिलं. तरी यंदाचे मोदक तिने शेजारणीच्या भांड्यात उकडायचं जाहीर केलंय.

आठव्या फेरीनंतर जवसाच्या तेलाचा हात दिला तेव्हा टोपी नळीच्या शेजारी ठेवली तरी डोळ्याला खटकेना. पाटी मात्र खटकत होती. नवं पितळ पिवळंधम्मक, लग्नातल्या समईसारखं. मी एक उद्योग केला. अमोनियाच्या वाफेवर धरून ती काळवंडवली, कडा दगडाने मारून घेतल्या, किल्ल्यांच्या जुडग्याने चार ओरखडे काढले. ऐंशी वर्षं परेड ग्राउंडवर आपटल्यासारखी दिसायला लागली. स्वतःवर खूश होऊन ती कोपरीला नेली.

सुभेदारसाहेबांनी बराच वेळ हातात धरली. “झकास केलंय,” म्हणाले, आणि पाटी टेबलावर ठेवली. “पण मिस्त्री, नव्या रंगरूटाच्या छातीवर म्हाताऱ्याची मेडलं कशापायी?”

मी म्हटलं, एकजीव दिसायला नको का? त्यावर ते म्हणाले, “दिसूद्या की येगळी. उद्या कुणी पोरगं इचारंल, ह्ये ओरखडं कुठल्या लढाईतलं? तवा म्या काय सांगू, तुमच्या किल्ल्यांचं?”

राग आला होता, खोटं कशाला बोलू. तीन दिवसांचं काम होतं. पण बसमध्ये येताना माझी मलाच ती पाटी पिशवीत जड वाटायला लागली. व्हॉली साइटच्या वेळी जे नव्हतं ते लावायचं नाही म्हणून तोऱ्यात नावं खोडली होती, आणि आता जे घडलंच नाही ते मी किल्ल्यांनी कोरत बसलो होतो. घरी आल्यावर पाटी पुन्हा घासली. कडेचे मार काढता काढता अर्धा मिलिमीटर माल गेला, त्यामुळे काजळाचा खेळ पुन्हा एक दुपार खेळावा लागला. जुनं होण्याचं काम ती आता स्वतः करील.

पाटीच्या आतल्या बाजूला, लाकडाला टेकते तिथे, ‘ठाणे’ असं कोरलं. माझ्या पंचच्या डबीत देवनागरी अक्षरं नाहीत, म्हणून बारीक छिन्नीने. ‘ठा’चा काना घसरला आहे. टोपीवरही आतून तेच, तिथे जरा बरं आलं. सहा नव्या भागांची यादी, साल आणि कशाचे केले ते टाइप करून पेटीच्या आत मागच्या फळीवर चिकटवलं. ओताऱ्यांना विचारलं, तुमचं नाव घालू का? ते म्हणाले, पहिली पाटी लहान झाली तेही लिहिणार असाल तर घाला. नाव नको म्हणाले, काम लिहा. तसं लिहिलं.

शेवटच्या दिवशी सुभेदारसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले. टोपी चढवली, आडवा स्क्रू घातला, पुढचा घातला. स्क्रूच्या खाचा नळीच्या रेषेत आणून ठेवल्या. त्याला अर्थ काही नाही, टूलरूमची सवय. पाटी बसवली, झाकण दोनदा वाजवून बघितलं. रायफल उभी धरली तर तिला चेहरा आला होता. साहेब तिच्याशेजारी क्षणभर सावधान उभे राहिले, मग कुणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मी कानशी पुसत होतो.

मग दोघांनी उचलून पेटीत लावायला गेलो. मागचा हुक बसला. पुढचा बसेना. तो हुक उघड्या लाकडाच्या मापाने केलेला आणि नेमका त्याच जागी आता टोपी. लोखंडी टोपी लाकडापेक्षा सगळ्या अंगांनी जाड. हुक मागे सरकवावा तर तिथे पट्ट्याची नवी कडी आडवी. माझ्या सगळ्या मापांत ही पेटी कुठेच नव्हती.

सुताराला फोन केला. त्याने फोटो मागवला, बघितला आणि म्हणाला, आता गणपतीनंतरच.

सध्या ती टेबलावर दोन घड्या घातलेल्या कांबळ्यांवर ठेवली आहे. हयातीच्या दाखल्यांचे फॉर्म तिच्या पलीकडे सरकवलेत.